चार रिव्हर्स गिअरची गाडी

"सोना है, सोना," वरून आवाज आला. "हाथ लगा के देखो."

मी गाडीखाली पाठीवर पडलो होतो. टॉर्च तोंडात धरला होता, त्यामुळे उत्तर देता येत नव्हतं, ते बरंच झालं. फुजैरातल्या एका व्हिलाच्या पोर्चमध्ये गाडीभोवती पाच-सहा मंडळी उभी होती आणि मला खालून फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. इंजिनच्या कुशीत रुपयाएवढी गोल बुचं ओळीने चमकत होती. पिवळी धमक. सोन्याची अर्थातच नव्हती, पितळेची होती. पण ती पाहून मी आणखी आत सरकलो.

मी अबुधाबीतल्या एका कंपनीत जुन्या गाड्या तपासतो. कोणाला गाडी विकायची असते, कोणाला विमा उतरवायचा असतो, कोणाला नुसताच शेजाऱ्यावर भाव मारायचा असतो. गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे की मधे कोणी हात मारलाय, हे मी बघतो आणि सही करतो. त्या सहीवरच आमचं दुकान चालतं. रत्नागिरीला आमच्या मोहल्ल्यात लोक विचारायचे, मुश्ताक तिकडे काय करतो? माझी आई सांगायची, भंगार बघत फिरतो, पण टाय लावून.

त्या दिवशीचं भंगार म्हणजे अमेरिकन मसल कार होती. मसल कार म्हणजे दोन दरवाजे, लांबलचक बॉनेट, मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांचा जराही विचार नाही आणि पुढे ट्रकला शोभेल असं इंजिन. गाडी सत्तरच्या दशकातली. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिचे भक्त मला झोपू देणार नाहीत.

त्या काळी गिऱ्हाईक शोरूममध्ये बसून इंजिन निवडायचं. लहान, मधलं, मोठं. फॅक्टरी ऑप्शन म्हणतात ते हेच. पण काही पोचलेले लोक ओळखीपाळखीने, कॅटलॉगमध्ये नसलेलं एखादं राक्षसी रेसिंग इंजिन बसवून घ्यायचे. अशा गाड्या बनल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि त्यांच्या अफवा पसरल्या जगभर. आखातातही आल्या. माझ्या नोकरीत असा महिना जात नाही की कोणी मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून सांगत नाही, "मुश्ताक, ही ती गाडी आहे."

बहुतेक वेळा ती ती नसते. ओळखायची खूण सोपी आहे. त्या वेळच्या या गाड्यांच्या इंजिनवर गाडीच्याच नंबरमधले काही आकडे ठोकलेले असतात. दोन्ही नंबर जुळले तर इंजिन आणि गाडी जन्मापासूनची जोडी. आमच्यात पत्रिका बघत नाहीत, पण माझी सगळी रोजीरोटी पत्रिका जुळवण्यावर चालली आहे.

या गाडीचे मालक अबू सैफ. सरकारी नोकरीतून लवकर रिटायर झालेले, पन्नाशीला टेकलेले, मोठ्या मनाचा माणूस. त्यांच्या पिढीचे बरेच स्थानिक लोक आमच्याशी हिंदीत बोलतात, तसे तेही बोलतात. गाडी त्यांच्या वडिलांची. वडील गेल्यापासून ती पोर्चमध्ये उभी होती आणि रोज संध्याकाळी मजलिसमध्ये, म्हणजे घराच्या पुढच्या बैठकीत, शेजारी जमले की कडू गहवा कॉफी आणि खजुरांबरोबर तिची गोष्टही फिरायची. फिरता फिरता गोष्टीने चांगलंच बाळसं धरलं होतं.

गोष्ट अशी की, कंपनीने खास आखातासाठी मोजक्या गाड्या बनवल्या. त्यांच्या इंजिनला सोन्याची बुचं. आणि त्यांना गिअर पुढे जायला एक, मागे जायला चार. कशासाठी? तर वाळवंटात शिकारीला गेलं आणि समोर वाळूचा डोंगर आला तर गाडी वळवायला नको, आलो तसं भरधाव मागे जायचं.

मी गाडीखालून बाहेर आलो, आत बसलो, गिअर टाकून पाहिले. पुढे चार, मागे एक, तुमच्या-आमच्या गाडीसारखे.

"ते नंतर बदललं," खमीस म्हणाला. खमीस म्हणजे अबू सैफचा शेजारी आणि वडिलांचा जुना दोस्त. दाढी पांढरीशुभ्र, हातात काठी. "मैंने अपना आँख से देखा. चार रिव्हर्स. इतना जोर से पीछे आया, मैं भागा."

मी हसू दाबलं. चार रिव्हर्स गिअरची गाडी जगात कोणी बनवलेली नाही.

पण बुचांचं मला हसू येत नव्हतं. इंजिन ओतताना त्याच्या कुशीला भोकं राहतात, ती या बुचांनी बंद करतात. आतून पाणी फिरतं. गाडीत बुचं साधी लोखंडी असतात. पितळेची कधी असतात? माझ्या अब्बांची रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासेमारीची लाँच होती, म्हणून मला हे पुस्तकात वाचावं लागलं नाही. खारं पाणी लोखंडी बुचं खाऊन टाकतं, म्हणून बोटीच्या इंजिनला पितळेची घालतात. अबू सैफच्या गाडीतलं इंजिन एके काळी समुद्रावर होतं. नंबरच्या जागी बघितलं, तर गाडीच्या नंबरचा मागमूसही नाही. पत्रिका जुळायचा प्रश्नच नव्हता, नवरी दुसऱ्याच गावची होती.

अबू सैफना मी नंबरचं विचारलं. त्यांनी लगेच मोबाईल पुढे केला. इंटरनेटवर कोण्या विद्वानाने लिहिलं होतं की खास ऑर्डरच्या गाड्यांना कंपनी नंबर ठोकतच नसे. म्हणजे नंबर असता तर तो पुरावा आणि नाही तर आणखी मोठा पुरावा.

"अबू सैफ," मी म्हणालो, "असं असू शकेल का की इंजिन बाबांनी नंतर दुसरीकडून..."

त्यांचा चेहरा पडला. रागावले असते तर परवडलं असतं. ते हळूच म्हणाले, "मुश्ताक, मेरा बाबा सादा गाडी कभी नहीं लिया. पूरा फुजैरा को मालूम है."

तेव्हा मला कळलं की हा माणूस गाडीचं सर्टिफिकेट मागत नाहीये. वडिलांचं मागतोय. मी म्हणालो, रिपोर्ट देतो, इन्शाल्ला. इथे इन्शाल्लाचे दोन अर्थ होतात. एक, देव करो आणि होवो. दुसरा, देवाने यातून मला सोडवावं. माझा दुसरा होता.

त्यांनी मला मजलिसमध्ये नेलं. भिंतीवर वडिलांचा मोठा फोटो होता. शेजारी एक कोरा खिळा.

"तुमचं सर्टिफिकेट इथे," अबू सैफ म्हणाले. "येत्या शुक्रवारी जेवण ठेवलंय. सगळे येणार. तुम्ही फॅमिली घेऊन या."

मी बरीच वर्षं या धंद्यात आहे, पण सही व्हायच्या आधी खिळा ठोकलेला मी पहिल्यांदा पाहिला.

ऑफिसात माझा बॉस नबील वाटच बघत होता. नबील लेबनॉनचा. माणूस वाईट नाही, फक्त गिऱ्हाइकाला नकार देणं त्याच्या प्रकृतीला मानवत नाही. अबू सैफच्या चुलतभावांकडे गाड्यांचे तांडे होते. हे एक काम गोड झालं की ते सगळे आमचे, असं त्याचं गणित. त्याने माझा रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढला.

"'फॅक्टरी ऑप्शन नाही' असं कशाला लिहिलंस? 'रेअर' लिही."

"सर, रेअर आहेच. पण कंपनीने बसवलेलं नाही."

"ते कोणी विचारलंय?"

"सर, तेवढंच विचारलंय."

नबीलने खिडकीबाहेर बघितलं. मग अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं, त्याने मला आठवण करून दिली की माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायची वेळ आली आहे. मुलाचं बारावीचं वर्ष ना यंदा, असंही विचारलं. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की घर, शाळा, सगळं आवरून निघावं लागतं. हे त्याला बोलावं लागलं नाही.

खोटी सही केली तर पुढे कधीतरी कोणीतरी ती बुचं बघणार आणि हसणार. हसणार मला नाही, अबू सैफना. खरी केली तर नोकरी जाणार आणि भर पंक्तीत त्या भल्या माणसाची मान खाली जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

घरी आमचा आदिल लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "अब्बा, जस्ट टेल हिम द ट्रूथ. हाउ हार्ड इज इट?" बारावीतल्या मुलांना सगळंच सोपं असतं, फिजिक्स सोडून.

नसीम, माझी बायको, कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपण शुक्रवारी जेवायला जातोय की तुमच्या चाळिसाव्याला? त्याप्रमाणे कपडे काढते." चाळिसावा म्हणजे आमच्यातला तेरावा.

शुक्रवारी निघालो. माझ्या डाव्या खिशात नबीलच्या शब्दांतलं सर्टिफिकेट होतं, उजव्या खिशात माझ्या. अजून सही कशावरच नव्हती. डोंगर ओलांडून फुजैरात उतरेपर्यंत नसीमने, आश्चर्य म्हणजे, एकही टोमणा मारला नाही.

पोचल्यावर रीतीप्रमाणे ती आत बायकांकडे गेली आणि मी मजलिसमध्ये बसलो. बैठक गच्च भरली होती. नबील आधीच येऊन मोक्याच्या जागी बसला होता आणि माझ्याकडे बघून गोड हसत होता. खमीस चार रिव्हर्स गिअरची गोष्ट सांगत होता आणि या वेळी गाडी मागच्या मागे थेट डोंगरातल्या मसाफी गावापर्यंत पोचली होती. मोठ्या ताटांत भात आणि त्यावर अख्खं बकरं आलं. अबू सैफ स्वतःच्या हाताने चांगले तुकडे तोडून माझ्यापुढे ठेवत होते. मी डाव्या हाताने खिसे चाचपत खात होतो.

जेवण संपलं. हात धुऊन झाले. अबू सैफ खिळ्याखाली जाऊन उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात मोबाईल थरथरला. नसीमचा मेसेज. "यम्मा म्हणतात ते इंजिन बोटीचं आहे. त्यांना सगळं माहीत आहे. तिकडेच यायला निघाल्यात. मी थांबवलं नाही."

यम्मा म्हणजे अबू सैफची आई. मी तो मेसेज पुन्हा वाचेपर्यंत आतल्या दारात काठीचा आवाज आला आणि सगळी बैठक उठून उभी राहिली. ऐंशीच्या पुढची बाई, चेहऱ्यावर जुन्या पद्धतीचा, मुखवट्यासारखा चमकता बुरखा, एका हाताने नसीमचा खांदा धरलेला. त्यांनी कोणाकडे बघितलं नाही, सरळ खमीसकडे बघितलं.

"खमीस, ती गाडी मागे येऊन कुठे थांबली ते सांगितलंस का यांना?"

खमीस आपल्या काठीकडे बघू लागला.

"तुझ्या बकऱ्यांच्या गोठ्यात," यम्मा म्हणाल्या. "भिंत पाडून. आणि तू मागे उभा राहून 'ने, पुढे ने' म्हणत होतास."

त्या अरबीत बोलत होत्या, मधेच नसीमकडे वळून हिंदीत. मला जे समजलं ते असं. अबू सैफच्या वडिलांकडे एक स्पीडबोट होती, कोण्या परदेशी साहेबाकडून घेतलेली. माणूस त्या बोटीच्या नादाने वेडा झाला होता. अबू सैफ पाळण्यात असताना एकदा वादळात बोट सापडली. लोक समाचाराला येऊन बसायला लागले आणि मग नवरा चालत घरी आला. यम्मांनी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, आता समुद्र सोड, नाहीतर मला सोड.

"त्याने बोट सोडली," यम्मा म्हणाल्या. "समुद्र नाही सोडला. उचलून गाडीत बसवला."

गाडीचं मूळ इंजिन वाळूत तापून जळलेलंच होतं. त्याने बोटीतलं इंजिन काढलं आणि याच पोर्चमध्ये, मेकॅनिक न बोलावता, स्वतःच्या हाताने गाडीत घातलं. मदतीला फक्त खमीस. सगळं जुळवून चावी फिरवली, पहिला गिअर टाकला आणि गाडी भरधाव मागे गेली.

इथे माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. दोन इंजिनांच्या बोटीत बहुधा एक इंजिन उजवीकडे फिरतं, दुसरं डावीकडे, म्हणजे बोट एका बाजूला ओढत नाही. या बहाद्दराने त्यातलं उलटं फिरणारं इंजिन उचललं होतं. इंजिन उलटं फिरलं की गिअरही उलटे. पुढचे चार मागचे होतात आणि मागचा एक पुढचा. खमीस इतकी वर्षं खरंच बोलत होता. त्याने खरोखर आपल्या डोळ्यांनी चार रिव्हर्स पाहिले होते. मी इतका गाड्यांतला जाणकार, बुचं बघून बोट ओळखली, पण बोटीला दोन इंजिनं असतात हे मला सुचलं नाही. नंतर यम्मांच्या नवऱ्याने बोटीचं दुसरं इंजिन घातलं आणि गाडी सरळ चालायला लागली. पण गोठ्याची भिंत पडल्यामुळे दोघांनी आपसात ठरवलं की याची वाच्यता करायची नाही. एक शपथेला जागून गेला. दुसऱ्याने फक्त भिंत गाळली आणि बाकीचं सगळ्यांना सांगितलं.

नबील आपल्या नखांचं निरीक्षण करत होता. मला वाटलं, आता खलास. अबू सैफ आईकडे बघत होते.

"यम्मा, हे मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू कधी विचारलंस? तू मोबाईलला विचारलंस."

अबू सैफनी फोटोकडे बघितलं. मग माझ्याकडे वळले. आवाज घोगरा झाला होता. "मुश्ताक, ये कंपनी ने नहीं बनाया?"

खिशातल्या दोन्ही कागदांवर याचं उत्तर होतं, पण दोन्ही मला त्या क्षणी टाकाऊ वाटले. मी म्हणालो, "नहीं, अबू सैफ. ये कंपनी के बस का नहीं था."

मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतायत. डोळ्यांत पाणी होतंच, पण माणूस हसत होता. "गोठ्यात?" त्यांनी खमीसला विचारलं. खमीसने मान डोलावली आणि मग सगळी मजलिसच फुटली. एक बकरी तर दुसऱ्या दिवशीपर्यंत सापडली नव्हती, अशी भर खमीसने लगेच घातली. मीही हसलो. इतके दिवस छातीवर बसलेला दगड उतरला होता, मला रडायलाही चाललं असतं.

मी उजव्या खिशातलं सर्टिफिकेट काढलं. 'फॅक्टरी ऑप्शन: नाही' या ओळीखाली पेनने लिहिलं, 'मालकाचा ऑप्शन: बोटीचं इंजिन, स्वतःच्या हाताने बसवलेलं. दुसरी गाडी माझ्या पाहण्यात नाही.' त्यातला शब्द न् शब्द खरा होता. सही केली. अबू सैफनी ते फ्रेममध्ये घालून खिळ्यावर अडकवलं, जरा तिरकं झालं, ते यम्मांनी काठीने सरळ केलं.

बाहेर पडताना नबीलने माझा खांदा थोपटला. "मी पहिल्यापासून तुला हेच सांगत होतो," तो म्हणाला. मी म्हणालो, येस सर. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं.

घाट चढताना मी नसीमला विचारलं, यम्मांकडून एवढं सगळं काढून कसं घेतलंस? ती म्हणाली, "काढायचं काय त्यात? मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांची लाँच होती, सासूबाईंचा जन्म त्या लाँचला शिव्या घालण्यात गेला. मग त्या थांबेचनात."

या प्रकरणातून मी जे शिकलो ते असं. अफवेत खोटं फार थोडं असतं. पिवळी बुचं खरी होती, चार रिव्हर्स गिअर खरे होते, अशी गाडी दुसरी नाही हेही खरं होतं. 'कंपनीने बनवली' एवढंच काय ते खोटं. आणि नेमकं तेवढंच सगळ्यांना हवं होतं.

दुसरी गोष्ट शिकलो ती अशी की अफवा मरत नाही, नुसती गाडी बदलते. भिंतीवरच्या त्या सर्टिफिकेटचा कोणीतरी फोटो काढला आणि तो व्हॉट्सअॅपवर सोडला. पेनने लिहिलेली ओळ राहिली, वरची 'फॅक्टरी ऑप्शन: नाही' ही कापली गेली. मागच्या महिन्यात रास अल खैमाहून जुन्या गाड्यांच्या एका डीलरचा फोन आला. आपलाच माणूस, कोकणातला, रायगडकडचा. आवाज खाली आणून म्हणाला, "मुश्ताकभाई, ती बोट-इंजिनवाली फॅक्टरी ऑप्शन. मोजक्याच बनल्या होत्या म्हणतात. माझ्याकडे एक आली आहे."

"बुचं पितळेची आहेत?"

"एकदम नवी कोरी."

"गाडी कोणाची?"

"आमच्या घरचीच समजा. वडिलांपासून आहे. सर्टिफिकेट द्याल ना?"

"देतो की," मी म्हणालो. "आधी आईला फोन द्या."

फोन कट झाला.